मर्व्ह टॉलबीच्या नावाची मिस्सा

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर फिलूने टेबल पुसलं, प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर हात फिरवून कोरडं झालं ना ते बघितलं, आणि रमीची पानं वाटावीत तशी पाच कार्डं वाटली. बर्फावरच्या हॉकीची कार्डं. खेळणाऱ्याचा फोटो असतो, पोरं च्युइंगगमच्या पुडीतून काढतात, ती. पाचही उताणी ठेवली, जपमाळ काढली आणि मला म्हणाली, "पास्कू, टीव्ही बंद कर. आज एकाचाही चेहरा बरा दिसत नाय."

आमच्या घरी रोझरी अशी व्हायची. जपमाळेत दहा-दहा मण्यांच्या पाच फेऱ्या. लोक एक फेरी घरच्यांसाठी म्हणतात, एक आजाऱ्यांसाठी, एक गेलेल्यांसाठी. माझी बायको एकेक फेरी एकेका हॉकीवाल्यासाठी म्हणायची. आणि हॉकीवाले तरी कसले? ज्यांना त्यांच्या गल्लीतल्या कुत्र्याने ओळख दिली नसती असले.

त्या दिवशी चार फेऱ्या झाल्या. पाचवं कार्ड मर्व्ह टॉलबीचं. ते ती कायम शेवटी ठेवायची, जेवणात गोड ठेवतात तसं. पण तिने जांभई दिली आणि माळ खाली ठेवली.

"मर्वीचं सकाळी करू. दमले मी आज. तो काय बोलायचा नाय."

हीटरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून कार्डावर मिठाची बाटली ठेवली आणि झोपायला गेली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं. तिसऱ्या फेरीला मी डुलकी पण काढली होती.

मी चौथी शिकलेला माणूस. वसईकडचा. इथे परदेशात, वॉन गावच्या गोदामात खोके चढवले आणि उतरवले, त्यातच जन्म गेला. लिहायचं म्हणजे मला हात जड. पण फिलू गेल्यापासून चर्चमध्ये, पार्टीत, जो तो तिची गोष्ट सांगतो आणि अर्धी चुकीची सांगतो. कोणी म्हणतं तिला हॉकीचं वेड होतं. वेड कसलं? एक अख्खी मॅच तिने कधी बघितली नाही. कोणी कोणाला काठीने ढोसलं की उठून भांडी घासायला जायची. "आईबाप असतील ना रे ह्यांना? बघत असतील ना?" असं सिंकवरून ओरडायची. मॅच बघायचो मी. ती फक्त कार्डं बघायची.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. चाळीसेक वर्षांमागची गोष्ट. आम्ही नवीन आलो होतो. पहिला विंटर. मी दिवसभर गोदामात, कधी कधी रात्रपाळीला पण. आमच्या अपार्टमेंटमध्ये वॉशर नव्हता, म्हणून फिलू कपड्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जायची. एक दिवस तिथल्या ड्रायरच्या तळाशी तिला एक कार्ड सापडलं. कोणाच्या तरी पोराच्या खिशातून पडलेलं. कोपरे गोल झालेले, पण फोटो शाबूत.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. वसईला आमच्यात माणूस गेला की महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, त्याचं कार्ड वाटतात. हाताच्या पंजात मावेल एवढं. पुढे फोटो, खाली नाव. मागे जन्म कधी झाला, गेला कधी, आणि एक प्रार्थना. बायका ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात आणि त्या जिवासाठी नमो मारिया म्हणतात. पुस्तक जेवढं जाड, तेवढी त्या घरची माणसं जास्त गेली असं समजायचं. आणि जुन्या काळी ज्याने हयातीत फोटोच काढला नव्हता, त्याचा पेटीत ठेवल्यावर काढायचे. डोळे मिटलेले, तोंड जरा उघडं. त्यात कोणाला काही वाटायचं नाही.

तर ह्या कार्डावर एक जवान पोरगा. डोळे गच्च मिटलेले, तोंड वासलेलं, नाक वर गेलेलं. खाली नाव मर्व्ह टॉलबी. मागे जन्मतारीख, गावाचं नाव, उंची, वजन. फिलूला तेव्हा इंग्लिश वाचायला जमायचं, पण सावकाश. बाकीचे आकडे तिने प्रार्थनेचे नंबर समजून सोडून दिले.

संध्याकाळी मी घरी आलो तर डोळे लाल. म्हणाली, "एवढासा पोर रे. काय झालं असेल? आणि ही काय माणसं, उंची-वजन कशाला लिहायचं? पेटीचं माप द्यायला?"

मी कार्ड बघितलं. मला पण मेलेलाच वाटला. हॉकी मला तेव्हा कळायची नाही. काठी दिसत होती हातात, पण मी म्हटलं शेतकरी असेल.

ती रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागली. पुढे तेवढ्याने तिचं भागेना. चर्चमध्ये जाऊन त्याच्या नावाची मिस्सा सांगून आली.

रविवारी आम्ही दोघं पुढच्या बाकावर. आमचं चर्च म्हणजे निम्मे इटालियन, निम्मे इकडचेच गोरे. फादरने वेदीवरून वाचलं, "आजची मिस्सा मर्व्ह टॉलबी यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून." मागून असा आवाज आला, जसं कोणी बाक उलटा केला. पुरुष एकमेकांच्या कानाला लागले. एक जण उठून बाहेर गेला, फोन करायला. अख्खी मिस्सा कुजबुज. फिलू मला म्हणते, "बघ, किती लोक ओळखतात त्याला. आणि कार्ड मात्र लाँड्रीत टाकून दिलं मेल्यांनी."

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर पंधरा-वीस जणांचा घोळका. आमच्या गल्लीतला एक इटालियन, मोठ्या मिशांचा, टोपी हातात घेऊन पुढे आला.

"सिन्योरा, कसा गेला हो?"

"चेस्ट," फिलू म्हणाली. चेहऱ्यावरून तिने छातीचं दुखणं असा अंदाज बांधलेला.

"तुमचा कोण लागायचा?"

"कोण नाय. लाँड्रीत भेटला."

फिलूने पुस्तक उघडलं आणि कार्ड दाखवलं. आधी एक जण खोकला. मग दुसरा. मग जो हशा उठला, तसा मी त्या चर्चच्या पायऱ्यांवर आधी ऐकला नव्हता, पुढेही नाही. मिशीवाला खांबाला धरून बसला. एका बाईला पाणी द्यावं लागलं.

"लेडी," कोणीतरी डोळे पुसत म्हणालं, "ही इज नॉट डेड. ही इज स्नीझिंग!"

तेव्हा आम्हाला कळलं. तो हॉकी खेळणारा पोरगा. बेंचवर बसला असताना नेमका शिंकला, नेमका तेव्हाच फोटो निघाला, आणि छापणाऱ्यांनी न बघता तोच कार्डावर छापला. चूक लक्षात आल्यावर कंपनीने ती कार्डं परत मागवली आणि नीट तोंडाची नवीन काढली. म्हणजे शिंकेवाली फार थोडी उरली. म्हणून ती गाजली. इतकी गाजली की कार्डाला नाव पडलं, 'द स्नीझ'. पोरं शाळेत ते कार्ड मिळावं म्हणून दहा चांगली कार्डं द्यायला तयार असायची.

दुसरी कोणी बाई असती तर लाजेने महिनाभर चर्चला गेली नसती. फिलू घरी आली. मग कोट काढताना म्हणाली, "चला. म्हणजे बरा झाला तो."

एवढ्यावर संपलं असतं. पण त्याच विंटरमध्ये मर्व्ह टॉलबीचा गुडघा गेला. टीमने त्याला सोडलं आणि तो परत कधी बर्फावर उतरलाच नाही. ही बातमी फिलूला सांगितली त्या मिशीवाल्यानेच. वर हसून म्हणाला, "सिन्योरा, तुमची मिस्सा लागू पडली."

तो गमतीने बोलला. फिलू हसली नाही.

जिवंत माणसाच्या नावाने मेलेल्याची मिस्सा घातली आणि पोराचा खेळ मेला, हे तिच्या डोक्यात जे बसलं ते निघालं नाही. मी समजावलं. फादरनी समजावलं की देव असा पत्ता चुकत नाही. ती मान हलवायची आणि घरी येऊन म्हणायची, "फादर चांगला आहे, पण त्याने कुठे मिस्सा सांगितली? सांगितली मी." मग तिने ठरवलं. रोज रात्री मर्वीसाठी दहा मणी. आणि एकदा, मरायच्या आधी, त्याला तोंडावर विचारायचं, तुझा गुडघा माझ्यामुळे गेला का?

मी म्हटलं, "तो कुठे भेटतोय तुला?"

"लाँड्रीत भेटला ना एकदा? मग भेटेल."

पण तो दिसेना. कार्ड मात्र जिकडेतिकडे. माणूस कुठे गेला कोणाला माहीत नाही, शिंक मात्र घरोघर. टी-शर्टवर शिंक, कॉफीच्या मगावर शिंक. मर्व्ह टॉलबी कोण विचारलं तर लोक खांदे उडवायचे. शिंकेचं कार्ड म्हटलं की लगेच डोळे मिटून, तोंड वाकडं करून दाखवायचे. फिलूला ह्याचा भयंकर राग यायचा. सुपरमार्केटमध्ये एका पोराच्या टी-शर्टवर ते तोंड बघून तिने त्याला थांबवलं आणि विचारलं, "ह्याचं गाव कुठलं माहीत आहे तुला? आईचं नाव?" पोरगा ट्रॉली सोडून पळाला.

ह्यातूनच बाकीची कार्डं आली. तिचं म्हणणं, एकाचं असं झालं तर दुसऱ्यांचं पण होत असेल. लोकांना कळलं की फिलोमिना हॉकीची कार्डं जमवते. कोणी आणून दिलं की ती फोटो बघायची आणि एकच प्रश्न विचारायची, "ह्याचं कोण आहे?" म्हणजे, ह्याला ओळखणारं, ह्याच्यासाठी ओरडणारं कोणी आहे का? आहे म्हटलं की कार्ड परत. "मग हा माझ्याकडे कशाला? ह्याला सगळी दुनिया आहे." नाही म्हटलं की पुस्तकात.

पुढचे दात पडलेला असेल तर त्याला दोन मणी जास्त. वजन कमी लिहिलेलं असेल तर माझ्याकडे बघून म्हणायची, "खात नाय हा. बाहेरच्या अन्नावर राहतो." जसं काय मी त्याचा डबा चुकवला होता.

स्ट्रिप मॉलमध्ये डॅनी नावाच्या माणसाचं कार्डांचं दुकान होतं. चर्चच्या बझारमध्ये फिलूला एका मोठ्या खेळाडूचं पहिल्या वर्षाचं, भारी किमतीचं कार्ड बक्षीस मिळालं. ती ते घेऊन डॅनीकडे गेली आणि बदल्यात तीन गोलकीपर घेऊन आली, ज्यांनी आयुष्यात गोल अडवण्यापेक्षा गोल खाल्ले जास्त. डॅनीला रात्री झोप लागेना. त्याला वाटलं ह्या म्हातारीला आतली बातमी आहे. पुढच्या वेळी ती गेली तर काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "मिसेस फिलो, टेल मी, व्हॉट्स युअर सिस्टम?"

फिलू म्हणाली, "त्यांचं कोण नाय."

डॅनीने ते कुठल्यातरी धंद्याचं गुपित समजून तसल्याच गोलकीपरांचा एक अख्खा खोका भरून ठेवला. अजून पडला असेल त्याच्याकडे.

आमची पोरगी शॅरन मोठी झाली तशी वैतागायची. "ममा, यू कान्ट जस्ट प्रे फॉर रँडम पीपल."

"रँडम म्हणजे काय ग?"

"म्हणजे कोणीपण."

"मग देवाने तुझ्या पप्पाला पण रँडमच दिला की मला. केली ना प्रार्थना?"

ह्याच शॅरनचा मागच्या विंटरला फोन आला. "ममा, आर यू सिटिंग डाउन? युअर मर्वी इज कमिंग."

एअरपोर्टजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये कार्डांचा मेळा भरणार होता. दुकानं, जुने खेळाडू, सह्या. त्यात मर्व्ह टॉलबी. फिलू खुर्चीवर बसली ती बसलीच. मग उठली आणि इस्त्री शोधायला लागली.

शनिवारी शॅरन आम्हाला घेऊन गेली. फिलूने नाताळची साडी नेसलेली, वर जाड कोट, पायात बर्फाचे बूट, काखेत प्रार्थनेचं पुस्तक. एवढ्या लांब गाडीत पुस्तक मांडीवर धरून बसली. एकदाच म्हणाली, "हो म्हणाला तर काय करायचं, पास्कू? म्हणाला तुझ्यामुळेच गेला, तर?"

मी म्हटलं, "तर सॉरी म्हण आणि घरी चल. मटण मुरत ठेवलंय."

हॉलमध्ये टॉलबीच्या टेबलापुढे ही मोठी लाइन. मागे भिंतीएवढं पोस्टर, तीच शिंक. टेबलावर गंमत म्हणून मिरपुडीची बाटली ठेवलेली. टेबलामागे साठी उलटलेला एक जाडसर माणूस, डोक्यावर केस नाहीत. येणारा प्रत्येक जण कार्ड पुढे करायचा, सही घ्यायचा, मग त्याच्या शेजारी उभा राहून म्हणायचा, "डू द स्नीझ!" आणि तो डोळे मिटून तोंड वाकडं करायचा. फोटो. हशा. पुढचा. परत डोळे मिटून तोंड वाकडं.

फिलूच्या कपाळावर आठ्या. "माकडासारखा नाचवतात रे त्याला."

आमच्या पुढच्या माणसाने पण तेच सांगितलं. टॉलबीने तोंड केलं, "आ-छू!" आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात फिलू म्हणाली, "गॉड ब्लेस यू, सन!"

त्याने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. एवढी वर्षं सगळे त्याच्या शिंकेला हसत आले होते, हे वाक्य बहुतेक कोणी म्हटलं नव्हतं.

आमचा नंबर आला. फिलूने पुस्तक उघडून त्यातलं कार्ड बाहेर काढलं आणि मागच्या लोकांत गडबड उडाली. ओरिजिनल, ओरिजिनल. टॉलबीने सवयीने पेन उचललं. फिलूने कार्ड मागे ओढलं.

"नो साइन! प्रेयर बुकचं आहे." मग एका दमात, मोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. लाँड्री, ड्रायर, आमच्याकडची मयताची कार्डं. "मला वाटलं तू मेलास. मी तुझी मिस्सा घातली. त्याच विंटरला तुझा गुडघा गेला. मला खरं सांग. माझ्यामुळे गेला?"

मागे कोणीतरी हसलं. टॉलबी हसला नाही. त्याने मिरपुडीची बाटली हाताने बाजूला सरकवली.

"मॅडम," तो म्हणाला, "गुडघा त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. मी कोचपासून लपवत होतो. तुमचा काही संबंध नाही."

फिलूने त्याच्याकडे बघितलं, भाजीवाल्याकडे वजन करताना बघते तसं. मग टेबलाचा काठ धरला. मी तिला पाठीमागून हात दिला.

"पण माझ्यासाठी का?" त्याने विचारलं. "तुम्ही मला ओळखत पण नव्हता."

आणि फिलू जे बोलली ते मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. एका घरात इतकी वर्षं काढून.

ती म्हणाली, "आमच्या गावात संध्याकाळी रोझरी म्हणायला बसलं की नावं संपत नसत. हा आजारी, ती बाळंत झाली, त्याची बोट आली नाही. इथे आले तर माझा नवरा कामावर आणि भिंतीपलीकडे कोण राहतं मला माहीत नाय. कोण आजारी आहे, कोण गेलं, मला कोण सांगणार? मी माळ घेऊन बसायचे आणि एक नाव आठवायचं नाय. इथलं एकपण नाव मला माहीत नव्हतं. मग तू सापडलास. ह्या देशात तू माझा पहिला माणूस."

शॅरन पर्समध्ये टिश्यू शोधत होती. मी पोस्टरकडे बघत उभा राहिलो.

टॉलबीने नाक पुसलं. खरं पुसलं. मग म्हणाला, "माझी बायको म्हाताऱ्यांच्या होममध्ये आहे. डोरीन. आता ती मला ओळखत नाही. तुमच्या यादीत तिला जागा होईल?"

"नाव लिहून दे," फिलू म्हणाली. "मी विसरेन." आणि ज्या कार्डाला तिने मला कधी ओल्या हाताने शिवू दिलं नव्हतं, ते उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने बॉलपेनने मागे डोरीन असं लिहिलं. मागचा एक माणूस असा किंचाळला, जसं कोणी गाडीखाली आलं. "ओह नो! नॉट ऑन द बॅक!" सही असती तर कार्डाची किंमत वाढली असती म्हणे, बायकोच्या नावाने त्याची रद्दी झाली.

फिलूने नाव वाचलं, फुंकर मारून शाई वाळवली. जाताना त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "कार्डावर लिहिलंय त्याच्यापेक्षा वजन वाढलंय तुझं. बरं वाटलं बघून."

परत येताना मी म्हटलं, "झालं ना समाधान? तुझ्यामुळे नाही गेला गुडघा."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "खोटं बोलला असेल. मला बरं वाटावं म्हणून. चांगल्या घरचा आहे." आणि थोड्या वेळाने, "पण बोलला ना."

त्या दिवसापासून पाचव्या फेरीला दोन नावं यायला लागली. मर्वी आणि डोरीन. थोडेच दिवस.

कारण मग ती संध्याकाळ आली, जी मी वर सांगितली. चार फेऱ्या आणि मिठाच्या बाटलीखाली एक कार्ड.

सकाळी मी उठलो तर खिडकीबाहेर सगळं पांढरं. खूप बर्फ पडलं होतं. फिलू माझ्या आधी उठते. उठली नव्हती. मी हाक मारली. मग हात लावला. गार होता. किती वेळापासून, देवाला माहीत. झोपेतच गेली. चेहरा चांगला होता, तोंड जरा उघडं.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, श्वास चालू आहे का? मी म्हटलं, नाही, बाई, घाई करू नका, रस्ते घसरतात. ती म्हणाली माणसं निघालीत, दार उघडं ठेवा, वाट मोकळी ठेवा. मग शॅरनला फोन केला. ती ओरडली, मग म्हणाली पप्पा, मी येते, काही करू नका, बसून राहा.

किचनमध्ये गेलो. मिठाची बाटली तिथेच होती. बाटली उचलली, कार्ड कोटाच्या आतल्या खिशात घातलं, बूट चढवले आणि बाहेर आलो. ते तिला उचलून नेणार होते. पायऱ्यांवर कोणाचा पाय सरकला तर? फिलूला पडायची फार भीती होती.

फावडं घेतलं. मला जपमाळेवर मोजता येत नाही, मध्येच बोट घसरतं. फावड्याने येतं. एक फावडं, एक नमो मारिया. पहिली दहा मर्व्ह टॉलबी आणि त्याच्या डोरीनची. ती मोठ्याने म्हटली, शेजारचा दारात येऊन उभा राहिला तरी म्हटली. दहा झाली तेव्हा मी शेवटच्या पायरीवर होतो.

मग थांबलो, खिशातल्या कार्डाला हात लावून बघितला, ओलं तर झालं नाही ना. नव्हतं झालं. पुढची फिलूची. ती मोजली नाहीत. रस्त्यापर्यंत बरंच बर्फ होतं.